कॉम्प्युटरचे गिरदावर

आमच्या गल्लीत कुणाचा कॉम्प्युटर हळू चालायला लागला, की आधी घरातली सगळी माणसं हजर करावी लागतात. आजी देवपूजेतून, सून पोळ्यांवरून, मुलगा पांघरुणातून. सगळ्यांनी कॉम्प्युटरसमोर ओळीने उभं राहायचं. मग गिरदावरकाका खुर्चीत बसतात, कपाळावरचा चष्मा नाकावर उतरवतात आणि पडद्यावरच्या एकेका प्रोग्रामचं नाव घेऊन खड्या आवाजात पुकारा करतात, "हाजिर है?" तीनदा पुकारूनही घरातलं कुणी 'हे माझं' म्हणालं नाही, तर काका उजवं बोट उंच नेतात, क्षणभर हवेत धरतात आणि बटणावर आणतात.

"बेदखल!"

प्रोग्राम गेला. पुढचा.

गिरदावर म्हणजे आमच्या आदिलाबादकडे पटवाऱ्याच्या वरचा साहेब. निजाम गेला, हा शब्द मागे राहिला. काकांचं सगळं आयुष्य शिवारं तुडवण्यात, बांधांची भांडणं सोडवण्यात आणि सरकारी जमिनीवरचे कब्जे उठवण्यात गेलं. नोकरीच्या शेवटी शेवटी जमिनीच्या नोंदी कॉम्प्युटरवर गेल्या आणि काकांना त्या यंत्रासमोर बसावं लागलं. दुसरा कुणी घाबरला असता. काकांनी कॉम्प्युटरकडे निरखून पाहिलं आणि जाहीर केलं, "हे बी एक गावच आहे." तेव्हापासून ते त्याच्याशी गावासारखेच वागतात. त्यांचं खरं नाव माधवराव आहे, पण ते आता फक्त पेन्शनच्या कागदावर शिल्लक आहे.

त्यांचा सिद्धांत ऐकण्यासारखा आहे. मी तो इतक्यांदा ऐकला आहे की झोपेतही म्हणू शकेन.

"प्रकाशराव, कॉम्प्युटर हळू काऊन होते, सांगा बरं? म्हातारं झालं म्हणून? अजिबात नाई. कब्जे होतात म्हणून! तुमी एक प्रोग्राम बोलावता, तो आपले चार भाचे संगं घेऊन येते. सकाळी तुमी बटण दाबलं की सगळे उठून बसतात अन् चहा मागतात. मशीन बिचारं त्याहिचा चहा करून राह्यलं. तुमचं काम कवा करन?"

आता मी कबूल करतो की असं कॉम्प्युटरशास्त्र मी कुठे वाचलेलं नाही. पण ते आमच्या घरी लागू पडलं, आणि त्याबद्दल मी त्या माणसाचा जन्मभर ऋणी आहे.

झालं असं. माझी बायको विजया वांकिडीकडच्या काही मुलींना संध्याकाळी कॉम्प्युटरवरून गणित शिकवते. दहावीच्या मुली. घरात मराठी, शाळेत तेलुगू. तेलुगू पुस्तकातलं गणित मराठीत समजावणारं कुणीतरी हवं असतं, ते काम तिने हौसेनं घेतलं होतं. आणि आमचा कॉम्प्युटर! तो सुरू व्हायला लागला की मी दुकानाची झडप उघडून, झाडून, पहिल्या गिऱ्हाइकाला खिळे मोजून परत आलो तरी तो अजून 'थांबा' म्हणत असे. शिकवताना तर विजयाचा चेहरा अधूनमधून गोठायचा. तोंड उघडं, एक डोळा मिटलेला, खडू हवेत. मुली खो खो हसायच्या. हसल्या तर हसू देत, पण प्रमेय अर्धंच राहायचं. हळूहळू मुली गळायला लागल्या आणि परीक्षा तोंडावर आली.

"अहो, हे असंच चाललं तर एकही पोरगी राहणार नाही," विजया म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी माझ्याकडून सगळे उपाय केले होते. नवा माउस आणला होता. कॉम्प्युटरची जागा बदलून तोंड पूर्वेला केलं होतं. शेवटी काकांना बोलावलं.

काका आले ते छत्री घेऊन. उन्हाळा असो, हिवाळा असो, पहाणीला निघताना त्यांच्या काखेत छत्री असतेच. आधी त्यांनी कॉम्प्युटरभोवती एक फेरी मारली, भिंतीकडची बाजूही सोडली नाही. "पहाणी झाल्याशिवाय फैसला नाई," ते म्हणाले आणि कॉम्प्युटरचा डबा उघडायला लावला.

आत कापूस होता. विनोद करत नाही मी. आमचं घर मार्केट यार्डाच्या रस्त्यावर. हंगामात कापसाच्या गाड्या जातात तेव्हा हवेत तंतू उडतात, आणि डब्यातला पंखा ते तंतू इमानेइतबारे ओढून घेत होता. काकांनी चिमटीने तो बोळा बाहेर काढला आणि विजयासमोर धरला.

"सूनबाई, उशी भरता का?"

मग पुकारा. मी, विजया, माझी आई, सगळे उभे. कुठला तरी हवामान दाखवणारा प्रोग्राम. "हाजिर है?" कुणी नाही. बेदखल. कुठला तरी फोटो गुळगुळीत करणारा प्रोग्राम. आईने विचारलं, "हा माणसाला गोरं करतो का?" हो म्हटल्यावर ती म्हणाली, "राहू दे मग." काकांनी वारस मान्य करून तो कायम ठेवला. पुढे पत्त्यांचा एक खेळ निघाला.

"हाजिर है?"

मी आढ्याकडे पाहिलं.

"हाजिर है?"

विजयाने माझ्याकडे पाहिलं. रात्री दुकानाचा हिशेब करत बसतो असं मी तिला सांगत असे.

"हाजिर है?" काकांनी तिसऱ्यांदा विचारलं, आणि माझ्या लाडक्या खेळावर बोट उतरलं. मी त्याला जाऊ दिलं. संसार टिकवायला माणसाला काय काय सोडावं लागतं!

त्या धडाक्यात काकांकडून एक चूक झाली. 'हे कुणाचं' हे कुणालाच न कळल्यामुळे त्यांनी कॉम्प्युटरच्या आवाजाची काहीतरी व्यवस्थाच बेदखल केली. त्या संध्याकाळी कॉम्प्युटर वाऱ्यासारखा पळाला, पण मुका. विजयाने अख्खं वर्तुळ हातवारे करून शिकवलं. जीवेची लांबी दाखवताना तिच्या हाताने शेल्फवरचा गणपती पडता पडता राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी काका आले, कॉम्प्युटरसमोर उभे राहिले आणि चक्क हात जोडून म्हणाले, "मामला चुकला. कब्जा वापस." आवाज परत आणला. कॉम्प्युटरची माफी मागणारा सरकारी अधिकारी मी तेवढा एकच पाहिला.

मुली परत आल्या. सगळ्या पास झाल्या. निकालाच्या दिवशी त्यांच्यातल्या एकीचे वडील तुरीच्या चांगल्या निवडलेल्या डाळीची पिशवी घेऊन आमच्या दारात उभे राहिले, आणि विजयाने त्यांना म्हटलं, "ही खरं तर गिरदावरकाकांची." काकांनी पिशवीकडे असं पाहिलं की जणू लाच आली. "सरकारी माणसानं घेऊ नाई," ते म्हणाले. निवृत्त झाले म्हणून काय झालं? ते फक्त चहा घेतात, तोही अर्धा कप.

मग या माणसाचे उपकार फेडायचे कसे? विजयाला युक्ती सुचली. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं की काकांचा स्वतःचा कॉम्प्युटर गल्लीत सगळ्यात मंद आहे. लोकांच्या घरातले कब्जे उठवणारा हा माणूस आपल्या घरात कशालाही हात लावत नसे. "त्यांना वेळ होत नसेल," विजया म्हणाली. "तुम्ही जा आणि करून द्या. पाहून पाहून शिकलात ना?"

रविवारी सकाळी मी गेलो. काकूंनी दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"या. पण हळू बोला. अविनाश आला आहे."

अविनाश म्हणजे त्यांचा मुलगा. कॅनडात असतो. मी चपला पाहिल्या, एकही नवी नव्हती. बॅग नव्हती. आत पाहिलं तर काका इस्त्रीचा सदरा घालून कॉम्प्युटरसमोर बसलेले, दोन्ही हात मांडीवर. आणि पडद्यावरचा बाण आपोआप फिरत होता. कुणाचा हात नाही, काही नाही. इकडे गेला, एक खिडकी उघडली, थांबला, दुसरीकडे गेला.

"पाहा," काका कुजबुजले, "आता डावीकडं गेला. लहानपणापासून तसंच आहे त्याचं. पहिले डावीकडंच पाहते."

मला उलगडा झाला. अविनाशने तिकडून हा कॉम्प्युटर चालवायची सोय करून ठेवली होती. इकडे अडलं की तो तिथे बसून दुरुस्त करी. कॉम्प्युटरच्या बाजूला पोह्यांची एक बशी झाकून ठेवलेली होती. काका पोहे खात नाहीत, त्यांना पित्त होतं.

स्वयंपाकघरात काकूंनी मला चहा दिला आणि सगळं सांगून टाकलं. "फोनवर दोघंही सारखेच मुके. 'जेवला?' 'जेवलो.' 'थंडी?' 'आहे.' 'ठेवू?' झालं बोलणं. पण कॉम्प्युटर अडला की पोरगं रविवारी तासभर बसते. बोलत नाही, पण असते. म्हणून हे त्याला हात लावत नाहीत अन् कुणाला लावू बी देत नाहीत. तुमी काऊन आले होते?"

"चहाला," मी म्हणालो.

पण अविनाश गुणी मुलगा निघाला, आणि तिथेच घात झाला. बाबांना इतका त्रास होतो म्हणून त्याने नवा कॉम्प्युटर पाठवला, तिकडून चालवायची सोय तीच ठेवून. तो इतका वेगवान की बटण दाबायच्या आत सुरू. गल्ली पाहायला लोटली. काकांनी सगळ्यांना पेढे दिले. पण पुढच्या रविवारी अविनाश आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. येऊन करणार काय? सगळं ठीक होतं.

एके दिवशी काका माझ्याकडे आले. छत्री नव्हती. चहा पूर्ण कपभर प्याले. मग म्हणाले, "प्रकाशराव, एक विचारतो, हसू नका. कॉम्प्युटर हळू कसा करतात?"

मी हसलो नाही. उलट माझी छाती अभिमानाने भरून आली. या विषयात माझ्याइतका अनुभव अख्ख्या जिल्ह्यात कुणाला नव्हता.

त्याच दुपारी कामाला लागलो. इंटरनेटवर जे जे फुकट मिळतं ते सगळं घेतलं. कुठे 'हो म्हणा' असं आलं की हो म्हटलं. चोर-लुटारू तेवढे बाहेर ठेवले, बाकी आल्यागेल्याला जागा दिली. विजयाने तिच्या सगळ्या वर्गांची चित्रमुद्रणं आणून ओतली. काकांचा जीव खालीवर होत होता. चाळीस वर्षं कब्जे उठवलेल्या माणसासमोर मी दिवसाढवळ्या वस्ती वसवत होतो. एकेका प्रोग्रामला ते डोळे घट्ट मिटून घेत. "हे कोणाचं?" असं त्यांच्या तोंडातून निघालंच एकदा.

"काका," विजया म्हणाली, "आज विचारायचं नाही."

संध्याकाळपर्यंत नवा कॉम्प्युटर असा काही रेंगाळायला लागला, की मला माझ्या जुन्या यंत्राची आठवण होऊन गलबलून आलं. काकांनी कॅनडाला निरोप धाडला. रविवारी सकाळी काकूंनी आम्हा दोघांनाही बोलावलं. पोहे तयार होते.

बाण हलला. डावीकडे गेला. प्रोग्रामची यादी उघडली, वरून खाली, खालून वर फिरला आणि थबकला. टेबलावरचा फोन वाजला. काकांनी स्पीकर लावला.

"बाबा, हे काय आहे? आताच तर पाठवला होता! एवढं सगळं टाकलं कुणी?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. या माणसाने आयुष्यात खोटा पंचनामा केलेला नाही, हे मला त्या क्षणी फार अडचणीचं वाटलं.

"मीच टाकलं," काका म्हणाले.

"पण काऊन, बाबा?"

काकूंनी पदर तोंडाशी नेला.

"तू येत नवता," काका म्हणाले.

पडद्यावरचा बाण यादीवर तिथेच होता, एका जागी. मग अविनाशचा आवाज आला. "हे सगळं काढायचं म्हणजे आज होणार नाही, बाबा. दर रविवारी थोडं थोडं काढू. आई कशी आहे? अन् तुमचं ते पित्त?"

आणि मग ते बोलायला लागले. पित्तावरून डॉक्टरवर, डॉक्टरवरून तिकडच्या बर्फावर, बर्फावरून अविनाशला लहानपणी झालेल्या गोवरावर. बोलता बोलता अविनाश एकेक प्रोग्राम काढत होता, अगदी सावकाश. विजयाने माझी बाही ओढली. आम्ही उठलो.

दारातून मी मागे वळून पाहिलं. काकांनी मांडीवरचा हात उचलून हळूच माउसवर ठेवला होता. पडद्यावरचा बाण थरथरला, जरा मुलाकडून, जरा बापाकडून.

"बाबा, हात काढा, मी करतो ना," अविनाश म्हणाला.

"तू कर," काका म्हणाले. "मी नुसता धरून आहो."