व्याह्यांच्या आडनावाचा अर्थ

मुलीचे होणारे सासूसासरे चहाला येणार होते, म्हणून पोस्टमास्तरांना सकाळपासून एकच ताकीद होती. "बाबा, आज कुणाच्या आडनावाला हात घालायचा नाही," मुलीने बजावले होते. नोकरीभर पाकिटांवरची आडनावे वाचून मास्तरांना त्यांचे अर्थ सांगायची खोड लागली होती. या खोडीपायी शेजारचे वकील त्यांच्याशी बोलेनासे झाले होते.

पहिला चहा होईपर्यंत मास्तर तोंडात बिस्किट धरून बसले. पण विहीणबाईंनीच विषय काढला. "तुम्हाला आडनावांतलं फार कळतं म्हणे. आमचं सांगा की."

मास्तरांच्या माहितीप्रमाणे त्या आडनावाचा अर्थ होता, मागून नेलेली भांडी परत न करणारा. समोर मुलीने डोळे वटारले.

"रणात मागे न हटणारा," मास्तर म्हणाले.

व्याह्यांनी खुर्ची पुढे ओढली. "कुठलं रण?"

आता रण आले म्हणून शत्रू आला, शत्रू आला म्हणून घोडा आला. घोड्याचा रंग विचारल्यावर मास्तरांनी तोही सांगून टाकला.

"लग्नात सगळ्यांसमोर तुम्हीच हे सांगायचं," व्याही म्हणाले. "आमचे एक काका इतिहास शिकवतात. त्यांना पुढेच बसवतो."

इतिहासवाले काका ऐकून मास्तरांचे उरलेसुरले अवसान गळाले. "मी थापा मारल्या," ते पडेल आवाजात म्हणाले आणि भांड्यांचा अर्थ सांगून मोकळे झाले. मुलीने कपाळाला हात लावला. आपल्या जिभेने पोरीचे लग्न मोडले, याबद्दल मास्तरांना शंका उरली नाही.

व्याह्यांनी बशी खाली ठेवली. "अहो, हे आमचं मूळ आडनावच नाही. आजोबा बोबडे होते. शाळेत नाव घालताना गुरुजींना जे ऐकू आलं, ते त्यांनी लिहिलं. खरं काय होतं, घरात कुणालाच ठाऊक नाही."

"मग मघाशी बोलला का नाहीत?"

"तुम्ही इतके रंगात आला होतात. म्हटलं, मुलीचे वडील आहेत, कशाला दुखवा."

मास्तर ओशाळून हसले. सगळेच हसले. लग्न शाबूत होते. आता गप्प बसले असते तर दिवस चांगला गेला असता.

मास्तरांनी चष्मा पुसला, घसा खाकरला. "आजोबांना नेमकं कुठलं अक्षर म्हणता येत नव्हतं?"

मुलगी रिकामे कप उचलून आत गेली.