निशाणबारदाराच्या खांद्यावरील पिशवी

श्रीरंगदेवता प्रसन्न असो, सांगणाराचा कंठ आणि ऐकणाराचे कान उभयता शाबूत राहोत. शके सतराशे पस्तीस, श्रीमुखनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, थंडी उत्तम पडली होती, ते साली एका राज्यात वर्तमान घडले. राज्याचे नाव लिहावयाची आज्ञा नाही. ज्यास ओळखू येईल त्याने मनात ओळखावे. त्या राज्यात हैबतराव निशाणबारदार म्हणून एक मातबर गृहस्थ होते. निशाणबारदार म्हणजे फौजेपुढे राज्याचे निशाण खांद्यावर घेऊन चालणारे. हैबतरावांनी उमर सारी तेच केले, आणि निशाणाच्या काठीने उजव्या खांद्यास घट्टा पडिला, आणि ते पेठेतून चालिले म्हणजे निशाण नसताही लोक अदबीने बाजूस होत. आता वय जाहले, निशाण दुसऱ्याच्या खांद्यावर गेले, आणि त्यांचे कुटुंब सगुणाबाई आश्विनात तापाने निवर्तली. मग घरात हैबतराव राहिले आणि खुंटीवर तिची पिशवी राहिली.

ती पिशवी तिने आपल्या हाताने शिवली होती. जुन्या खणांचे तुकडे, आणि काठास कवड्या, आणि बंद लांब, खांद्यावर टाकिली तर कंबरेपाशी येई. बाई कोठेही निघाली की पिशवी खांद्यावर, आणि चालीबरोबर कवड्या वाजत. हैबतराव निशाणाच्या सवयीने पुढे चालत, पण रस्ता मोकळा दिसला की मुद्दाम मागे राहात, ती पिशवी पुढे हलताना पाहावी म्हणून. एकदा चढणीवर म्हणाले, "आण, मी घेतो घटकाभर." तर ती हसून बोलिली, "इकडून निशाण वागवावे. पिशवी माझी मी वागवीन. खांदे बदलले तर फौज वाट चुकेल." त्यावर उभयता हसली, आणि पिशवीचे ओझे किती हे हैबतरावांस कधी ठाऊक जाहले नाही.

तर त्या राज्याची एक रीत होती. दर मार्गशीर्षात सरकारच्या रंगशाळेत तिसरे प्रहरी गाणे होई, रयतेस मुभा असे, आणि बैठकीच्या मधोमध रेशमी दोर बांधीत, एकीकडे पुरुष, एकीकडे बायका. नवराबायको दोराच्या कडेस जागा धरीत आणि बायका पिशव्या दोराखाली ठेवीत, अर्धी इकडे, अर्धी तिकडे. मग गाणे रंगले की दोराखालून पुरुषांचे तळहात पसरत, कोणास पान हवे, कोणास चाळशी, कोणास तपकीर, आणि बायका न पाहता त्या त्या हातावर ते ते ठेवीत. हैबतरावांची गोष्ट निराळी. मंजुळाबाई गाणारीण दर साली अखेरीस एक ओवी गाई, ती ऐशी,

सांजेच्या ग बाई पारी, दिवा लावते उंबऱ्यात
वाटेकडे डोळे माझे, जीव सांडला धुरळ्यात

हैबतराव मोहिमेवर असता सगुणाबाई जात्यावर हीच ओवी म्हणे, हे शेजारणींनी त्यांस सांगितले होते, तिने कधी सांगितले नाही. आणि रंगशाळेत "धुरळ्यात" हा शब्द आला की हैबतरावांस खोकला येई. तो खोकला नव्हे, हे एकट्या सगुणाबाईस ठाऊक. ती पिशवीतून एक लवंग काढून दोराखालून त्यांच्या तळहातावर ठेवी, आणि त्यांच्याकडे पाहात नसे, कारण पाहिले असते तर मग लवंगेनेही काम भागले नसते.

त्या साली डांगोरा पिटला की मंजुळाबाईंचा आवाज थकला, ही त्यांची शेवटची बैठक. हैबतरावांनी ऐकिले आणि मनात धरिले, की ओवी एकवार ऐकावी, आणि पिशवी दोराखाली असावी, जैशी असे तैशी. दुसरे काही मागणे नव्हते. मग नेमल्या दिवशी पागोटे बांधिले, अंगरखा घातला, आणि खुंटीवरची पिशवी काढून उजव्या खांद्यावर टाकिली. आश्विनापासून तिला धूळ बसू दिली नव्हती, परंतु उघडली नव्हती. आत तिच्या हाताची मांडणी होती, ती मोडली तर पुन्हा कोण लावणार. पेठेत येताच कवड्या वाजल्या आणि चार माणसे वळून पाहू लागली. पानवाला म्हणाला, "काय हैबतराव, माहेरपणास निघालात काय?" दुसरा म्हणाला, "गप, निशाण बदललंय सरकारचं, कवड्यांचं केलंय." हैबतराव चालत राहिले. खांद्याचा घट्टा जेथे होता तेथेच पिशवीचा बंद बसला होता, आणि ओझे अंदाजाहून बरेच अधिक होते, आणि इतके ओझे घेऊन ती चढणीवर हसत होती, एवढेच त्यांच्या मनात चालले होते.

रंगशाळेच्या देवडीवर लखमोजी नाईक उभे होते. पूर्वी फौजेत हैबतरावांच्या निशाणामागे चाललेले माणूस. त्यांनी मुजरा केला, मग पिशवी पाहिली आणि काठी आडवी धरिली. म्हणाले, "हैबतदादा, पिशवी खुंटीवर ठेवावी लागते. पुरुषाची पिशवी आत सोडायची नाही, हुकूम आहे." हा हुकूम काय म्हणाल तर ऐसा. मागे एका शौकिनाने पिशवीतून पाळलेला तित्तिर आणिला आणि तो ऐन आलापीत ओरडला. त्यावर दिवाण गुंडोपंतांनी यात राजद्रोहाचा वास आहे म्हणून पुरुषांच्या पिशव्या बंद केल्या. त्याच्या आदले साली एका बाईच्या पिशवीतून कोंबडीचे पिल्लू निघून थेट सरकारच्या गादीवर गेले होते, तेव्हा सभा पोट धरून हसली आणि पिल्लास दाणे टाकिले. बाईची पिशवी म्हणजे बाईचा अवयव, पुरुषाची पिशवी म्हणजे मसलत, ऐसा त्या राज्यात समज होता आणि तो कोणास विपरीत वाटत नव्हता.

हैबतराव म्हणाले, "लखमोजी, ही माझी नव्हे. हिची आहे."

"मग वहिनीबाई कोठे आहेत?" लखमोजी सवयीने बोलून गेले, आणि बोलल्यावर त्यांस आठवले, आणि काठीवरचा हात सैल जाहला.

हैबतराव म्हणाले, "ती असती तर तिच्याच खांद्यावर असती की."

लखमोजी खाली पाहून म्हणाले, "दादा, तुम्हांस अडविताना हात चालत नाही. पण दिवाणजी आत बसलेत, त्यांची नजर दारावर. तुम्ही ऐसे करा, कोणा बाईकडे द्या. बाईच्या खांद्यावर असेल तर मी पाहिली नाही." एवढ्यात मागून भिवरा नावाची कोणी तरणी सून सासूबरोबर आली होती, ती म्हणाली, "आणा इकडं आबा. माझ्या एका खांद्यावर माझी, दुसऱ्यावर तुमची. मला कोण पुसतंय?" हैबतरावांनी कवड्यांवरून एकवार हात फिरविला. मग बंद खांद्यावरून उतरविला आणि दिला. ती म्हणाली, "अगं बाई, दगड भरलेत का काय?" आणि चालू लागली, आणि लखमोजींनी काठी बाजूस केली. पिशवी तीच, आतले जिन्नस तेच, दोन हात जागा बदलली आणि गुन्हा नाहीसा जाहला.

परंतु त्या दारातून सभेपर्यंत जी लांब पडवी होती तीत एक गोष्ट घडली. भिवरा पुढे चालिली, आणि तिच्या चालीबरोबर कवड्या वाजू लागल्या, आणि हैबतराव मागे होते. रस्ता मोकळा होता. पाठमोरी बाई, उजव्या खांद्यावर खणाची पिशवी, डावीकडे उजवीकडे हलणारी. हैबतरावांचे पाऊल आपसूक मंद जाहले, जैसे पूर्वी होई. त्यांस वाटले, पडवी संपू नये. मग ती वळली आणि तिचे तोंड दिसले, ते कोवळे, परके, हसरे, आणि पडवी संपली.

आत गर्दी होती. भिवरेस सासूने हात धरून खांबापाशी ओढिले, दोरापासून पुष्कळ दूर, आणि पिशवी तिजबरोबर गेली. हैबतराव आपल्या नेहमीच्या जागी दोराकडेला बसले. पलीकडे सगुणाबाईची जागा, ती शेजारणींनी मोकळी ठेविली होती, कोणी कोणास न सांगता. मंजुळाबाई गाऊ लागल्या. आवाज थकला होता खरा, परंतु थकलेल्या आवाजात वाटेची धूळ अधिक दिसत होती. एक पद जाहले, दुसरे जाहले, दोराखालून हात पसरले आणि भरले. दिवाणजींनी हात पसरिला, त्यांस तपकीर मिळाली. मग ओवी आली. "सांजेच्या ग बाई पारी" म्हणताच हैबतरावांचा तळहात दोराखालून पलीकडे गेला. तो त्यांनी धाडिला नव्हता, तो सवयीने गेला. आणि तेथे गार फरशी होती.

मग हैबतराव उठले. ऐन गाण्यात उठून त्यांनी दोर ओलांडला, जो कोणा पुरुषाने कधी ओलांडला नव्हता, आणि बायकांतून वाट काढीत खांबापाशी गेले, आणि म्हणाले, "पोरी, दे." तिने दिली. पिशवी उजव्या खांद्यावर घेतली आणि माघारी निघाले, छाती पुढे, मान ताठ, पाऊल मोजके, निशाण घेऊन चालत तैसे, आणि कवड्या वाजत होत्या, आणि सभेत दुसरा आवाज राहिला नाही. मंजुळाबाई ओवी अर्धी सोडून पाहात राहिल्या.

गुंडोपंत दिवाण उभे राहून म्हणाले, "हैबतराव, हा काय तमाशा? बायकी पिशवी खांद्यावर, आणि तीही हुकूम मोडून. आत काय आहे?"

"ठाऊक नाही," हैबतराव म्हणाले.

"म्हणजे? खांद्यावर घेतली आणि ठाऊक नाही?"

"निशाण वागविले तेव्हा काठीत काय आहे हे कोणी पुसले नाही, दिवाणजी."

सरकार गादीवर होते. ते वृद्ध होते आणि त्या निशाणामागे तेही एकदोन वेळा चालले होते. ते सावकाश म्हणाले, "हैबतराव, सभेचा नियम आहे. उघडावी, अथवा बाहेर ठेवावी. दोहोंतले एक तुम्ही सांगा." हैबतरावांनी पिशवीचा बंद घट्ट धरिला. बाहेर ठेविली तर ओवी तिजवाचून जाईल, आणि उघडली तर तिची मांडणी मोडेल, जी जगात आता एवढीच उरली होती. मग ते आपल्या जागी बसले, पिशवी मांडीवर घेतली, आणि म्हणाले, "उघडतो. पण माझ्या हाताने."

बंदाची गाठ तिची होती, ती सोडविण्यास वेळ लागला. मग एकेक जिन्नस निघाला. हैबतरावांची जुनी चाळशी, काच पुसावयाच्या फडक्यात गुंडाळून. त्यांच्या गुडघ्यास लावावयाचे तेल. त्यांची लोकरी कानटोपी. ज्येष्ठमधाच्या कांड्या. अडकित्ता, तोही त्यांचा. त्यांच्या अंगरख्याचे तुटके बंद आणि सुई. पितळेची जड पाण्याची झारी, कारण बाहेरचे पाणी त्यांस बाधे. अगदी तळाशी एक लहान फणी आणि कुंकवाची डबी निघाली, आणि शेजारी लवंगांची पुडी.

दिवाणजींनी सवयीने म्हटले, "हे सारे बायकी सामान..."

हैबतराव पाहातच राहिले होते. म्हणाले, "फणी आणि डबी तेवढी तिची आहे. बाकी माझे. इतकी वर्षे मी रिकाम्या हातांनी चालतो ऐसे मला वाटत होते."

तेव्हा दोरापलीकडून दिवाणजींचे कुटुंब म्हाळसाकाकू बोलिल्या, आवाज न चढविता, "आता माझीही उघडू का? इकडची तपकीर आहे, इकडची चाळशी आहे, आणि काल इकडून लपवून खाल्लेल्यांतले उरलेले पेढेही आहेत. वैद्याने मना केलेले." बायकांत हसू पिकले आणि पसरत पसरत पुरुषांत आले. आणखी एक म्हणाली, "आमच्या स्वारीचा तर हुक्काच आहे बाई, खांदा मोडला." ती ज्याची स्वारी, तो पागोटे पुढे ओढून बसला. सरकारांनी राणीसाहेबांच्या बटव्याकडे एकवार पाहिले, आणि आपली खडीसाखर तेथे होती म्हणून की काय, त्यांनी विषय वाढविला नाही. म्हणाले, "बाई, ओवी राहिली."

मंजुळाबाईंनी पुन्हा पहिल्यापासून धरिली. हैबतरावांनी जिन्नस पिशवीत ठेविले, जैसे सुचेल तैसे, तिची मांडणी काही त्यांस साधली नाही. फणी आणि डबी मात्र होती तेथेच, तळाशी ठेविली. मग पिशवी दोराखाली सरकविली, अर्धी इकडे, अर्धी तिकडे. "वाटेकडे डोळे माझे" आले. "धुरळ्यात" आले, आणि त्या थकल्या आवाजाने तो शब्द ऐसा लांबविला, की फौज दूर डोंगरापलीकडे उतरते आहे आणि उंबऱ्यावर कोणी अजून उभे आहे, ऐसे सभेस दिसले. हैबतरावांनी पुडीतून एक लवंग काढिली. तोंडात घातली नाही. दोराखालून हात पलीकडे नेला आणि तिच्या मोकळ्या जागेवर, गार फरशीवर, ती लवंग ठेविली, आणि तिकडे पाहिले नाही. मग खोकला आला तो येऊ दिला.

येणेप्रमाणे वर्तमान जाहले. हुकूम कोणी मागे घेतला नाही, परंतु लखमोजींची काठी त्या दिवसापासून आडवी आली नाही, आणि पुढील साली दिवाणजी आपली पिशवी आपण घेऊन आले, ती नवी होती आणि त्यांस नीट धरता येत नव्हती. हैबतराव दर मार्गशीर्षात येत राहिले, खांद्यावर कवड्या वाजवीत. ऐकिले तैसे लिहिले, अधिक उणे काही असेल तर ते लिहिणाराचे, आणि वाट पाहणे मात्र ज्याचे त्याचे. इति.