हॉर्नचा रिले

वडूजला वीरधवलचं घर बघायला निघालेल्या नाथाजींना एकच धास्ती होती, बायकोच्या तोंडाची. शिवांजलीसाठी आलेली आधीची स्थळं सुलाबाईंनी बोलबोलूनच मोडली होती. एका घरी तर त्या होणाऱ्या विहिणीला पोहे कसे करायचे ते शिकवून आल्या. आणि या वेळी पोरीचा जीव वीरधवलवर जडला होता.

विटा गाव मागं पडलं आणि जुनी मोटार आचके देत बंद पडली. स्टार्टर फिरे, पण इंजिन काही केल्या सुरू होईना. येणाऱ्याजाणाऱ्यांनी वाकून पाहिलं आणि "सेन्सर गेला" असा निकाल देऊन वाट धरली.

"तुमचाच सेन्सर गेलाय!" सुलाबाई कडाडल्या. "कवापास्नं म्हनतीया, इका ही गाडी!"

ऑटोमोबाईलचा डिप्लोमा केलेल्या शिवांजलीनं किल्ली फिरवून कान दिला. "पप्पा, टाकीतला पंप वाजंना. त्येचा रिले, त्येला करंट देनारा खटका, गेला आसंल. हॉर्नचा रिले तसलाच आसतोय, त्यो हितं लावते."

तिनं बॉनेटखालच्या डबीतल्या दोन काळ्या ठोकळ्यांची अदलाबदल केली आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. नाथाजी हरखले. "आन् हॉर्न गं?"

"त्यो आता मुका."

"ह्या रस्त्याला, बिनहॉर्नची गाडी?"

"आई हाय की."

सुलाबाईंनी काच खाली केली, पदर खोचला आणि मुलखाला सुनावायला सुरुवात केली. "ए ट्रॅक्टरवाल्या, रस्ता काय तुज्या बाचा हाय व्हय रं?" "आवं पाव्हनं, म्हस आवरा!" मायणीच्या अलीकडं मेंढरांचा कळप आडवा आला. त्यांनी असा आवाज लावला, की मेंढरं तर बाजूला झालीच, मेंढक्याही कडेला जाऊन रांगेत उभा राहिला. नाथाजींना हसू आवरेना.

वडूजला उतरेपर्यंत सुलाबाईंचा घसा पार बसला. पुढ्यात पाणचट चहा आला. त्यांनी तोंड उघडलं, नुसती हवा आली.

"चा बरा झालाय न्हवं?" वीरधवलच्या आई राहीबाईंनी विचारलं. सुलाबाईंनी हताशपणे मान डोलावली. राहीबाई भारावल्या. "आसली अबोल इहीन नशिबानं घावती!" सुपारी फुटली, साखरपुडा परवाचाच ठरला.

निघताना नाथाजींनी बॉनेट उघडलं. हॉर्नच्या जागचा रिले अर्धवटच बसलेला दिसला. त्यांनी तो अंगठ्यानं दाबला आणि हॉर्न वाजवून पाहिला. खणखणीत वाजला. सुलाबाई डोळे वटारून हातवारे करू लागल्या.

"पप्पा, गप ऱ्हावा," शिवांजली कानाशी कुजबुजली. "रिले चांगलाय. घरनं निघतानाच मी पंपाचा सैल केल्ता, आन् हितं बी मुद्दाम अर्धाच बशिवला."

नाथाजींनी पोरीकडं पाहिलं, मग बायकोकडं. साखरपुडा परवावरच होता. त्यांनी हॉर्नचा रिले उपटून खिशात घातला.

"ह्येचा भरवसा न्हाई, सुला," ते गंभीरपणे म्हणाले. "परतीला बी तुलाच वरडावं लागंल."