इंगळेकाकांचं लोण्यासारखं पेडल

इंगळेकाकांना गाडी उत्तम चालवता येते, पण घरात कुणी त्यांच्या हाती गाडीची चावी देत नाही.

त्याचं असं झालं. काही वर्षांपूर्वी काकूंनी त्यांना मुरारहून दही आणायला पाठवलं. आमच्या थाटीपुरहून मुरार ते कितीसं लांब? काका सकाळी निघाले आणि दुपारी पानं वाढल्यावर त्यांचा फोन आला, तो सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटरवरच्या दतियाहून. रस्ता चुकले नव्हते, गाडीही बिघडली नव्हती. म्हणाले, "अगं, आज इंजिन इतकं सुरात होतं ना, की वळावंसंच वाटेना." येताना दही मात्र आठवणीने आणलं, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. त्या दिवसापासून चावी काकूंच्या पर्समध्ये असते. काकू चालवतात आणि काका शेजारी डोळे मिटून बसतात.

आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत आहे, त्यामुळे काकांचं ऐकणं मी लहानपणापासून बघत आले आहे. ते वीज खात्यात होते. म्हणे ट्रान्सफॉर्मर दुरुस्त झाल्यावर बाकीची माणसं जीपमध्ये जाऊन बसायची आणि काका त्याची गुणगुण ऐकत खालीच उभे असायचे. आता निवृत्त झाल्यावर तर काय, रान मोकळं. मी ऑफिसला निघाले की फाटकाशी हात वर करून अडवतात. "जरा ठहर, बेटा. तुझ्या स्कूटीला सर्दी झालीये." मला उशीर होतोय म्हटलं, की ठरलेलं उत्तर येतं, "घाई कुणाला आहे?" घाई मला असते. पण ते त्यांना सांगून उपयोग नाही. ते तोवर स्कूटीजवळ उकिडवे बसलेले असतात.

रोज संध्याकाळी काका-काकूंची फेरी असते. थाटीपुरहून निघायचं, किला गेटपर्यंत जायचं, गाडी बाजूला लावून शेंगदाणे खायचे आणि किल्ल्यावरचा उजेड उतरला की परत यायचं. वाटेत फारसं बोलणं नाही. काकू रस्ता बघतात, काका इंजिन ऐकतात. तीस वर्षांच्या संसारात मला यांचं एवढंच सुख दिसलं आहे, आणि ते मला पुष्कळ वाटतं.

या वर्षी पावसाळा सरता सरता काकूंचा डावा गुडघा धरला. त्यात गाडीचं क्लचचं पेडल जड झालेलं. फेरीहून आल्या की पायरीवर बसून गुडघा चोळायच्या. एके दिवशी म्हणाल्या, "बस झालं आता. दसऱ्यापर्यंत चालवते, मग नाही व्हायचं माझ्याच्याने."

पुण्याला असलेल्या त्यांच्या मुलाला हे कळलं तसा त्याचा फोन आला. "बाबा, मी ऑटोमॅटिक पाठवतो ना! डावा पाय आरामात. क्लच का झंझट ही नहीं." काकूंचे डोळे चमकलेले मी पाहिले. पण काका असे भडकले, की जणू कुणी पूर्वजांची तलवार भंगारात मागितली. "जिला क्लच नाही ती गाडी नाही, खाट आहे खाट! तिच्यावर झोपायचं, चालवायची नाही. मी घरीच नवा क्लच टाकतो. पेडल लोण्यासारखं करून देतो, बघच तू."

झालं. काका लष्करच्या बाजारपेठेत जाऊन क्लचचं सामान घेऊन आले. त्याच पिशवीत पाटणकर बाजारातून काकूंसाठी घेतलेली दसऱ्याची साडीही होती. साडीवर ग्रीसचा डाग पडला होता. काकूंनी तो दाखवला तेव्हा म्हणाले, "पदराच्या आत जाईल की."

अंगणात गाडीचं नाक जॅकवर चढलं आणि खाली लाकडी ठोकळे बसले. मला सुट्ट्या होत्या, म्हणजे बॅटरी धरायला माणूस आयता मिळाला. चाकं निघाली, एक्सल निघाले, गिअरबॉक्सचं काळं तेल तसराळ्यात उतरलं. मग खाली जुनी गादी घालून आम्ही दोघांनी गिअरबॉक्स तिच्यावर अलगद निजवला. माझे खांदे भरून आले होते. काका त्याला थोपटत होते.

अष्टमीला जुनी क्लचप्लेट हातात आली. नवी लगेच बसवली असती तर संध्याकाळपर्यंत काम उरकलं असतं. पण काका जुनी प्लेट घेऊन पेरूच्या झाडाखाली बसले, ते बसलेच. ऑक्टोबरचं ऊन पानांतून त्या गुळगुळीत झालेल्या चकतीवर हलत होतं आणि काका ती हळूहळू फिरवत होते. "बघ बेटा, इंजिन आपल्या तोऱ्यात, चाकं आपल्या. मधे हा बिचारा. दोघांचं जमवून देतो आणि स्वतः झिजतो." मी म्हटलं, काका, ऊन उतरलं. ते म्हणाले, "घाई कुणाला आहे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा बॅटरी घेऊन हजर झाले, तर काका अंगणात कमरेवर हात ठेवून उभे. पाने नाहीत, पक्कड नाही, हातोडी नाही. अख्खी पेटी रिकामी. आम्ही आत गेलो. देवासमोर पाटावर पूर्वजांची तलवार, आणि तिच्या शेजारी काकांचे सगळे पाने काकूंनी धुऊनपुसून, मापाने लहान-मोठे, हळदकुंकू लावून मांडलेले. वर झेंडूची फुलं. खंडेनवमी होती! मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे उत्तरेत आलेल्या या घराण्यांत त्या दिवशी शस्त्रांची पूजा होते, आणि काकांची शस्त्रं म्हणजे पाने. हा नियम त्यांनी स्वतःच घालून दिलेला. पूजेला मांडलेल्या हत्याराला दसऱ्याची पूजा होईपर्यंत हात लावायचा नाही. गाडी पोट उघडं टाकून पडली आहे आणि आज कोणता दिवस आहे याचाच पत्ता यांना नाही.

"तुम्ही ना, हद करता हां," काकू म्हणाल्या. "आणि हे काय आहे?"

पाटाच्या टोकाला, पेटीत सापडलेलं काकूंचं लाटणं होतं. त्याचं एक टोक तासलेलं. नवी प्लेट बरोबर मधोमध बसवावी लागते, नाहीतर गिअरबॉक्स परत जागेवर जात नाही. तेवढ्यासाठी बाजारात एक दांडा मिळतो. पण काकूंचं लाटणं जवळजवळ त्याच मापाचं निघालं, आणि काकांनी राहिलेलं 'जवळजवळ' रंध्याने काढून टाकलं.

"लाटणं कुठे शस्त्र आहे? ते तरी दे," काका म्हणाले.

"माझं तेच शस्त्र आहे," काकू म्हणाल्या आणि लाटण्यावर कुंकवाचं बोट ठेवलं. त्या दिवशी पुऱ्या बाटलीने लाटल्या गेल्या.

काका दिवसभर उघड्या गाडीजवळ वेताच्या मोढ्यावर बसून होते. मला त्यांचा राग आला होता, तसं मी बोललेसुद्धा. म्हटलं, काका, एवढा आटापिटा कशासाठी? काकूंचा पाय दुखतो, मुलगा गाडी देतोय, घ्या की. काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "होईल गं पेडल हलकं," एवढंच म्हणाले. त्यांचा आवाज कधी नव्हे इतका लहान होता. माझा राग तिथेच विरला.

दसऱ्याला पूजा झाली आणि काकांनी पाने उचलले. त्या दिवशी मात्र ते कुठेही रमले नाहीत. कुंकू लागलेलं लाटणं घालून प्लेट मधोमध बसवली, गिअरबॉक्स वर चढवला, एकेक बोल्ट आवळला, नवी केबल ओढली. सूर्य कलायच्या आत चाकं जमिनीवर आली. मी हाताने पेडल दाबून पाहिलं. खरंच, लोणी.

काकू नवी साडी नेसून स्टिअरिंगशी बसल्या, काका शेजारी, मी मागे. दसऱ्याची गर्दी होती. सोनं द्यायला निघालेली माणसं, रिक्षा, मधेच एखादी गाय. दोन हात पुढे जायचं आणि थांबायचं. गिअर पडताना जराही आवाज नव्हता. काकांनी डोळे मिटले होते आणि मान हळूच हलत होती. मला वाटलं, आता हे दतियापर्यंत जाणार.

मग कुठल्याशा चौकात त्यांनी डोळे उघडले. काकू पेडल दाबत होत्या आणि प्रत्येक वेळी दाबून झालं की हात खाली नेऊन गुडघा धरत होत्या. तोंडाने मात्र म्हणत होत्या, "किती हलकं केलंत हो." काका त्या हाताकडे बघत राहिले. किला गेट येईपर्यंत त्यांनी पुन्हा डोळे मिटले नाहीत.

गाडी बाजूला लागल्यावर त्यांनी मुलाला फोन लावला. "हां, मीच. ती गाडी पाठव. हो, तीच, बिनाक्लचची... अरे, हो म्हटलं ना!"

"अहो, पेडल तर छान झालंय," काकू म्हणाल्या.

"पेडल झालं गं. गुडघा नाही झाला."

मग काका समोरच्या काचेतून किल्ल्याकडे बघत बसले. म्हणाले, "नव्या गाडीत काही बिघडतच नाही म्हणे. सगळं बंद असतं, उघडायचंसुद्धा नाही. तुला चालवायला माझी गरज नाही, आणि गाडीलाही नाही. मी शेजारी बसून करू तरी काय?"

मला मागच्या सीटवर अवघडल्यासारखं झालं. काकूंनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. मग म्हणाल्या, "तुम्ही बसलेले असता म्हणून मी चालवते. एवढंही कळलं नाही होय इतक्या वर्षांत? मला एकटीला कुठे जायचंय?"

काका रुमालाने हातावरचं ग्रीस पुसायला लागले. ते निघण्यासारखं नव्हतं. "जाताना लांबून जाऊ या?" त्यांनी विचारलं आणि लगेच म्हणाले, "नको नको, गुडघा. इथेच बसू जरा."

काकूंनी इंजिन बंद केलं. किल्ल्यावरचा उजेड तांबूस झाला होता. गाडीत एरवी फक्त इंजिन ऐकणारे काका त्या शांततेत काकूंशी बोलायला लागले.