धर्माजी साळिंदराची जाहिरात

एका जंगलात, मुलांनो, रस्त्याच्या आधी मोबाईलची रेंज पोहोचली होती. त्या जंगलात धर्माजी साळिंदर राहायचा. बिळं खणून देणं हा त्याचा धंदा.

धर्माजीची कामाची एक रीत होती. बीळ पुरं झालं की आठ दिवस तो तिकडे फिरकायचा नाही. नवव्या दिवशी जाऊन बिळाचं तोंड शोधायचा. त्याला स्वतःला सापडलं, तर काम नापास. ते बुजवून तो मुकाट्याने दुसरं खणायचा. नाही सापडलं, तर खुशीत घरी येऊन बायकोला सांगायचा, "आजही काही दिसलं नाही."

अशी वीस वर्षं गेली. पण त्याची गिऱ्हाइकं शहाणी होती. आपण कुठे राहतो, हे ती कुणाला सांगत नसत. त्यामुळे ते बीळ कुणी खणलं, हेही सांगत नसत. इकडे शेजारच्या घोरपडीने बिळांच्या दारावर फुलांच्या कमानी लावल्या, त्यांचे व्हिडिओ टाकले आणि तिच्याकडे रांग लागली. यंदा पावसाळा तोंडावर आला तरी धर्माजीकडे एकही काम नव्हतं. आता धंदा बसणार, या काळजीने त्याला अन्न गोड लागेना.

शेवटी तो टकाचोराकडे गेला. टकाचोर म्हणजे लांब शेपटीचा एक बडबड्या पक्षी. जंगलातल्या छोट्या धंदेवाल्यांना तो व्हिडिओ करून द्यायचा.

"काका, तुमचं काम दाखवा की लोकांना," टकाचोर म्हणाला.

"अरे, दिसू नये हेच तर माझं काम."

"मग घेणार कोण? दिसलं तर घेतील."

धर्माजीला पटलं. मुलांनो, समोरचा भरभर बोलला की मोठ्यांना लगेच पटतं.

अडचण एकच होती. धर्माजीला स्वतःचं एकही बीळ सापडेना. अखेर एका पळसाखाली उभं राहून त्याने हाका मारल्या. तेव्हा बकुळाबाई उंदरीण बाहेर आली. तिला सात पिल्लं होती.

"अगं बाई, भाऊजी तुम्ही होय! मी म्हटलं, इथवर कोण आलं."

"वहिनी, जरा पानं बाजूला सारून दाराशी उभ्या राहता का? पोरांनाही बोलवा."

दुसऱ्या कुणासाठी ती उभी राहिली नसती. धर्माजीसाठी राहिली. पिल्लांची तोंडं पुसून तिने त्यांना ओळीत उभं केलं.

व्हिडिओ झकास झाला. दार, आतली तीन वळणं, पिल्लांची निजायची जागा, सगळं त्यात आलं. शेवटी धर्माजी छाती फुगवून म्हणाला, "आणि ही चोरवाट. ही कुण्णाला माहीत नाही."

संध्याकाळपर्यंत अख्ख्या जंगलाने तो पाहिला. घोरपडीनेसुद्धा पाहिला. प्रत्येक कॉमेंटला अदबीने उत्तर द्यायचं, असं टकाचोराने बजावलं होतं. एका धामणीने लिहिलं होतं, 'सुंदर काम. चोरवाट कुठे उघडते ते मात्र नीट कळलं नाही.'

धर्माजीने लिहिलं, 'धन्यवाद ताई. पळसाच्या मागे, वारुळाच्या डाव्या अंगाला.' आणि खाली जोडलेले हात टाकले.

तिसऱ्या दिवशी तो बकुळाबाईला सांगायला गेला, की वहिनी, तुम्हाला सगळं जंगल ओळखतं. त्याने हाका मारल्या. ओ आली नाही. थोड्या वेळाने पानं हलली आणि धामण बाहेर आली. सावकाश आली, कारण तिला भराभर सरकता येत नव्हतं.

"तुम्हीच का ते?" ती म्हणाली. "काम अगदी सुबक हो. वळणावर कुठे अंगाला खरचटलंसुद्धा नाही."

धर्माजीला रडू आलं. इतकी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती.

"तुमची आधीची कामं बघायला मिळतील?" धामणीने विचारलं. "माझ्या बहिणींनाही दाखवीन म्हणते."

वर्षभर धर्माजी नेमक्या याच प्रश्नाची वाट बघत होता. त्याने डोळे पुसले. आजूबाजूच्या गवताकडे नजर जाऊ नये म्हणून तो जमिनीकडे बघत राहिला.

"आधीची नाहीत," तो म्हणाला. "हे पहिलंच. मी या धंद्यात नवीन आहे."

तात्पर्य : जाहिरात बघणाऱ्याला भूक लागली आहे का, हे विचारत बसू नये. व्ह्यूज कमी होतात.