डाव्या कपाटातली वटवाघळे

"मॅडम, तुम्ही निर्धास्त राहा. मी एकही बरणी जागची हलवणार नाही!" असे आश्वासन संग्रहालयाच्या हंगामी अभिरक्षकाने संचालिकाबाईंना सकाळी साडेआठ वाजता दिले, आणि पावणेनऊ वाजता पहिली बरणी त्याच्या हातात होती.

मधल्या पंधरा मिनिटांचा वृत्तान्त नीट द्यायला हवा, कारण त्याच्या हेतूंविषयी पुढे फार गैरसमज झाले.

वटवाघळांचे दालन त्या दिवशी अकरा वाजता नव्याने उघडायचे होते. दालनात काचेची दोन उंच कपाटे. डाव्यावर पाटी 'मोठी वटवाघळे', उजव्यावर 'लहान वटवाघळे'. मोठी म्हणजे फळे खाणारी, टपोऱ्या डोळ्यांची, भुसा भरून टांगलेली. लहान म्हणजे बारीक आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून अंधारात किडे टिपणारी, अंगठ्याएवढी, स्पिरिटमध्ये बुडवलेली. ही मांडणी माजी अभिरक्षकांनी चाळीस वर्षांपूर्वी केली होती, आणि उद्घाटनही त्यांच्याच हस्ते होते. ते सुरळीत पार पडले की बाई हंगामी अभिरक्षकाच्या कायम नेमणुकीच्या पत्रावर सही करणार होत्या. त्या सहीसाठी तो तीन वर्षे थांबला होता. "आज तोंड बंद आणि हात खिशात!" एवढे बजावूनच बायकोने त्याला घराबाहेर सोडले होते.

हात खिशात ठेवूनच तो उजव्या कपाटासमोर आला. तिथे एका बरणीत नाकावर घोड्याच्या नालेसारखी घडी असलेले चिमुकले वटवाघूळ होते. आकाराने लहान, प्रतिध्वनीवर चालणारे, हे सगळे मान्य. पण जनुकांचा पुरावा निर्विवाद होता: त्याचे जवळचे नाते डावीकडच्या मोठ्या फळखाऊंशी होते, शेजारच्या बरण्यांशी नव्हे! तो खिडकीपाशी गेला. परत आला. पुन्हा गेला. दाताच्या फटीत अडकलेल्या धाग्यासारखी ती बरणी त्याला टोचत राहिली.

"एकच," तो स्वतःशी म्हणाला.

पण वर्गीकरण एका बरणीवर थांबत नाही. नालनाक्याला नेले, तर त्याच्या भाऊबंदांतल्या पाननाक्याला मागे ठेवणार कोणत्या तोंडाने? त्यामागोमाग उंदरासारख्या लांब शेपटीचे आले. मग बेडूक मटकावणारे, सुपाएवढ्या कानांचे. साडेनऊला चौदा बरण्या जमिनीवर होत्या, आणि त्यांच्या मधोमध अभिरक्षक पिंजऱ्यातल्या खारीसारखा गरगरत होता.

"साहेब, दुकान मांडलंत की काय?" सुतारमामा दारातून म्हणाले. कपाटाची बिजागरी पाहायला ते आले होते.

"मामा, ही बारकी त्या मोठ्यांची नातेवाईक आहेत."

मामांनी अंगठ्याएवढ्या प्राण्याकडे पाहिले, मग चार फुटी पंखांकडे. "कोण म्हणतं?"

"जनुकं म्हणतात!"

"पण दिसतात तर पलीकडच्यांसारखी."

"दिसण्यावरून नातं ठरत नाही हो!"

"तेही खरंच," मामा विचारात पडले. "माझा सख्खा भाऊ गोरापान, ताडासारखा. आणि हुबेहूब माझ्यासारखा दिसतो तो त्याचा मेहुणा. आमच्या बायकोनंच एकदा त्याच्या हातात भाजीची पिशवी दिली."

"हेच! अगदी हेच, मामा!" तीन वर्षांत प्रथमच आपले म्हणणे कोणाला तरी समजल्याने अभिरक्षकाला भरून आले.

"पण मावणार कशी? मध्ये एक फळी घालावी लागेल."

"घाला!"

"मग मोठी खाली काढा. तासाभरात फळी आणतो."

तीनही मोठी वटवाघळे तात्पुरती अभिरक्षकाच्या खोलीत, कोट अडकवायच्या खुंट्यांवर गेली. चौदा बरण्या डाव्या कपाटाच्या तळाशी दाटीवाटीने बसल्या. उरली फक्त फळी. आणि मागच्या अंगणात करवत सुरू असतानाच, ठरल्या वेळेच्या वीस मिनिटे आधी, प्रमुख पाहुणे आले!

माजी अभिरक्षकांचे वय ब्याऐंशी, कान जवळपास निवृत्त. दारात प्रत्येकाला कानाला लावायचे एक यंत्र मिळत होते. त्यात संचालिकाबाईंनी स्वतःच्या आवाजात माहिती भरली होती. पाहुण्यांचे यंत्र इतके मोठ्याने लावले होते की ती सगळ्या दालनाला मिळाली.

"आता डावीकडे पाहा," यंत्रातल्या बाई म्हणाल्या. "हे महाकाय प्राणी! पंखांचा विस्तार तब्बल चार फूट!"

पाहुणे वाकले. समोर काडेपेटीएवढे वटवाघूळ होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"यांचे शरीर मांजराच्या पिल्लाएवढे भरते."

"भरायचं!" पाहुणे कळवळले. "माझ्या वेळी भरायचं! अरे, काय केलंत रे यांचं? पार आकसली की!"

"सर, ही ती नव्हेत," अभिरक्षक पुढे झाला.

"भुसा काढून गरम स्पिरिट घातलंस ना? खरं सांग."

"सर, जनुकांच्या पुराव्यानुसार..."

"लोकरीच्या स्वेटरसारखं होतं मग!"

बाई यंत्रात बोलत होत्या, पाहुण्यांशेजारी उभ्या असलेल्या बाई मात्र एक शब्द काढत नव्हत्या. हे लक्षण वाईट होते. अभिरक्षकाने तरीही बारा मिनिटे समजावले. प्रतिध्वनीची क्षमता एकदाच आली की दोनदा, फळखाऊंनी ती गमावली की त्यांना कधी नव्हतीच, यांतले एकही मत वगळले नाही. पाहुणे मान डोलावत राहिले. कानातले यंत्र त्यांनी काढलेच नव्हते.

"पटलं, सगळं पटलं," ते शेवटी त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले. "पण बाळा, थंड घालायचं."

सव्वाबाराला बाई अभिरक्षकाच्या खोलीत आल्या. खुंट्यांवर लटकलेल्या तिघांकडे त्यांनी पाहिले आणि अभिप्रायवही टेबलावर उघडली. पाहुण्यांचे अक्षर थरथरते, पण सुवाच्य होते: 'मोठी वटवाघळे आकसली आहेत. चौकशी व्हावी.'

"मला वर अहवाल द्यावा लागेल," बाई शांतपणे म्हणाल्या. "आदेश मोडून नमुने हलवले असं लिहिलं, तर तुमची नोकरी आज संपते. नमुने आकसले असं लिहिलं, तर चौकशी लागते. ती वर्षभर चालते. तोवर तुम्ही हंगामी राहाल, पण राहाल."

"मॅडम! चार फुटांचा प्राणी चार इंचांचा होत नाही! आणि झालाच, तरी नाकावर नाल कशी येईल? मी विज्ञानाचा माणूस आहे!"

"मग पहिलं लिहू?"

तो खिडकीपाशी गेला. परत आला. खुंटीवरचे वटवाघूळ त्याच्याकडे टक लावून पाहत होते. मागच्या अंगणातून सुतारमामा ओरडले, "साहेब, फळी तयार!"

"आकसले," अभिरक्षक म्हणाला.

बाईंनी लिहिले. "कारण?"

अभिरक्षकाने खुंटीकडे पाठ केली. "गरम स्पिरिट," तो पुटपुटला.

"तापमान?"

"साठ अंश."

बाईंचे पेन कागदावर टेकले, तसा तो घाईने पुढे वाकला. "मॅडम, 'अंदाजे' लिहा. उगाच खोटं नको."