टिपणीसांचे तीन भाडेकरू

सन दोन हजार बावीसला मी त्र्याहत्तर वर्षांचा होतो आणि आमच्या मजल्यावरचे टिपणीस माझ्याहून दोन वर्षांनी लहान. एवढा मोठा माणूस, पण कॉम्प्युटर सुरू करायचा झाला की चपला दाराबाहेर काढणार, बटण दाबणार आणि हात मागे बांधून उभा राहणार. काळ्या पडद्यावर तीन नावं उमटली की मगच खुर्चीत बसणार.

त्या एका डब्यात तीन ऑपरेटिंग सिस्टिम होत्या. म्हणजे यंत्र एकच, पण चालवणारे तिघं. ज्याला उठवाल तो उठणार, बाकीचे दोघं घोरत पडणार. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही रडतखडत, पण हे मला पहिल्याच दिवशी समजलं. एक घर, तीन भाडेकरू, मोरी एकच. टिपणीस त्यांना नवा, मधला आणि जुना म्हणायचे. नव्यावर पेन्शनची कामं, मधल्यावर त्यांचे स्वतःचे उपद्व्याप. जुन्याचं पुढं सांगतो.

टिपणीस बँकेत इन्स्पेक्शनला होते. ते यायचे म्हटलं की शाखेतले लोक रात्रभर बसून हिशेब जुळवायचे, असं त्यांनीच मला पुष्कळदा सांगितलंय. नोकरी संपली, चौकशी संपली नाही. दूध पातळ आलं की दूधवाल्याची चौकशी. लिफ्ट अडकली की लिफ्टची. भात कच्चा राहिला तर कुकर समोर ठेवून त्याच्याकडे बघत बसायचे. मी काही बोलायला गेलो की म्हणणार, "निष्कर्ष नंतर, मानेशेठ. आधी जबाब."

बायको गेलेली. मुलगा बंगळूरला. तो इथं बंगालातच वाढला, त्यामुळे फोनवर निम्मं इंग्रजी आणि निम्मं बंगाली. बागबाजारात आमच्या अख्ख्या गल्लीत मराठी घरं दोनच, एक त्यांचं, एक माझं. आमच्या लोकांना, म्हणजे मराठ्यांच्या स्वाऱ्यांना, अडवायला पूर्वी इथूनच खंदक खणायला घेतला होता म्हणे. टिपणीस म्हणायचे, एवढी खणाखणी केली आणि शेवटी आत शिरलं कोण, तर एक पेन्शनर आणि एक गलाईवाला.

गलाईवाला म्हणजे मी. विट्याकडचा. सोनं-चांदी गाळायचा आमचा धंदा. बऊबाजारातली भट्टी आता पोरगा बघतो. तो आणि सूनबाई कामाला गेले की मी टिपणीसांकडे जायचो. एकटा माणूस, त्यांना सोबत म्हणून. जुन्यावर पत्त्यांचा एक खेळ होता, हिरव्या कापडावर एकट्यानं मांडायचा. मी तो खेळायचो आणि ते शेजारी बसून बोलायचे. कुठल्या शाखेत कोण कसा सापडला, ते सगळं.

पत्ते नव्यावरही होते. एकदा त्यांनी मला त्याच्यापुढं बसवलं. पत्ते वाटायच्या आधी साबणाची जाहिरात आली. मी उठलो. म्हटलं, असल्या खेळाला मी जन्मात बसायचो नाही. हा लावायचा असेल तर उद्यापासून मी माझ्या घरी बरा. आमच्या घराण्यात बोललेला शब्द मागं घेत नाहीत. टिपणीसांनी मान हलवली आणि जुना उठवला.

दुर्गापूजेची सुट्टी संपली आणि एका सकाळी बटण दाबल्यावर तीन नावं उमटलीच नाहीत. थेट नवाच हजर. बंद करून परत चालू केलं, परत नवाच. रात्रीतून त्यानं आपल्या मनानं काहीतरी अपडेट करून घेतलं होतं आणि घर बळकावलं होतं. मधल्यासाठी टिपणीस हळहळले नाहीत. "जुना गेला की काय?" एवढंच म्हणाले आणि उभेच राहिले.

मग चौकशी लागली. प्लग तपासला, वायरी तपासल्या, पंख्यावर संशय घेतला. शेवटी माझ्याकडे वळले.

"मानेशेठ, काल तुम्ही शेवटचं काय दाबलंत?"

"किलवरचा राजा."

"जोरात?"

मला राग आला. चाळीस वर्षं मी लोकांचं सोनं गाळलं, गुंजभर इकडचं तिकडं झालं नाही, आणि हा माणूस मला राजा जोरात दाबला का विचारतो. मी घरी आलो. संध्याकाळी ते दारात आले आणि तुम्ही निर्दोष आहात असं सांगून गेले.

कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो बंगालीत म्हणाला, दादा, सगळं पुसून टाकू, एकच नवा ठेवू, सुखी व्हाल. टिपणीसांनी त्याला चहासुद्धा न देता वाटेला लावलं.

मी जायचो रोज. पण हाताला चाळा नसला की मला बसवत नाही. चहा झाला की उठायचो. टिपणीस दारापर्यंत यायचे आणि म्हणायचे, "चौकशी चालू आहे. एक-दोन दिवस कळ काढा."

रविवारी अपूर्वा आली. मराठी मंडळाच्या गणपतीत ओळख झालेली पोरगी, राजारहाटला कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी करते. ती खुर्चीत बसली. टिपणीसांच्या हातचा चहा तिला कशाला पाजायचा, म्हणून मी स्वयंपाकघरात शिरलो. भिंत पातळ आहे.

अपूर्वानं विचारलं, जुन्यात काही कागदपत्रं, फोटो? ते नाही म्हणाले. मग ती म्हणाली, काढूनच टाकू या ना, काका, जुनाट झालाय तो, धोक्याचाही आहे. एवढा जबाब घेणारा माणूस, स्वतःचा द्यायची वेळ आली तर खाकरत बसला.

"त्यावर मानेशेठ पत्ते खेळतात," ते म्हणाले.

"पत्ते काय, नव्यातही आहेत."

"त्यांना ते चालत नाहीत. हट्टी आहेत. ते यायचे बंद झाले तर मी दिवसभर मराठी कुणाशी बोलू, अपूर्वा?"

इकडं माझा चहा उतू गेला.

मी कप घेऊन बाहेर आलो तोवर पोरीनं यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं होतं. चालू होताहोता एक बटण दाबून ती आतल्या पानावर शिरली. आधी कुणाला उठवायचं याचा क्रम तिथं लिहिलेला असतो. तीन नावं दाखवून कुणाला उठवू असं विचारणारा असायचा पहिला. नव्यानं त्याला खाली ढकलून स्वतःचं नाव वर लावलं होतं. तिनं त्याला पुन्हा वर घेतलं. पडदा काळा झाला. टिपणीस उभे होते. मीही उभा होतो, कप हातात घेऊन. आणि उमटली. तिन्ही.

टिपणीसांनी मोठा श्वास सोडला, खुर्ची रिकामी नव्हती म्हणून पलंगावर बसले आणि हसत सुटले. मी म्हटलं, निष्कर्ष? ते म्हणाले, "घरातलाच चोर, मानेशेठ." अपूर्वा गेल्यावर मी एक डाव मांडला. लागला की नाही, आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोराच्याही आधी घराबाहेर पडलो आणि टिपणीसांची बेल वाजवली. ते घाईघाईनं बटणाकडे निघाले. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, आज पत्ते नकोत. खुर्ची त्यांच्याकडे फिरवून बसलो आणि विचारलं, "काल रात्री जेवायला काय केलं होतंत?"